घुमानच्या वाटेवर काझीची घोडी

पहिला दिवस, सचखंड एक्स्प्रेस

"आता आठ दिवस मला गुरुजी म्हणू नकोस," हे मी सरदारला परभणी यायच्या आत तीनदा सांगितलं. त्याला काही पटत नव्हतं. मी शाळेत मास्तर व्हायच्या कितीतरी आधीपासून तो मला गुरुजी म्हणतो, कारण आमच्या घरात पोथ्या होत्या आणि त्याच्या घरात पाने-पक्कड. मी त्याला सरदार म्हणतो. नावं दोघांनाही आहेत, वापरायची वेळ येत नाही. पण पंजाबात चारचौघांत मला कुणी 'गुरुजी' अशी हाक मारावी, हे काही बरं नाही. शिखांचे गुरू दहा, आणि दहाव्यानंतर ग्रंथ. ती गादी गुरू गोविंदसिंहांनी १७०८ मध्ये ग्रंथाला दिली ती आमच्याच नांदेडात, गोदावरीच्या काठावर. हे सगळं मी सरदारला ऐकवलं. तो म्हणाला, "बरं मास्तर." मग तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसला.

सरदार एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेला मेकॅनिक. पंजाबातून निजामाच्या मुलखात आलेल्या फौजेत त्याचे पूर्वज होते. घरात दखनी बोलतो, माझ्याशी नांदेडची मराठी. पंजाबी येते, पण ती कशी येते ते पुढं कळलंच. अमृतसरला तो चौथ्यांदा चालला होता, मी पहिल्यांदा. माझं निमित्त वेगळं होतं. नामदेवांवर मी गेली तीसेक वर्षं व्याख्यानं देतोय. सप्ताहात, शाळेत, ग्रंथालयात. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत, ती १८ रागांत विभागलेली आहेत, हे वाक्य मी किती वेळा उच्चारलं असेल देव जाणे. पण ती पदं जिथं गायली जातात तिथं कधी गेलो नव्हतो. सरदार म्हणाला, चल. मी दोनशे पानी वही घेतली आणि निघालो.

या गाडीत जेवण विकत घ्यायचं नसतं, हे नांदेडकरांना सांगायला नको. वाटेत काही स्टेशनांवर सेवादार बादल्या घेऊन उभे असतात, भांडं आपलं पुढं करायचं. मी भांडं आणलं नव्हतं. सरदारनं त्याच्या डब्याचं झाकण मला दिलं. त्यात कढी-भात घेऊन मी खात असताना त्याचे ओठ हलत होते. जपजी चाललं होतं, म्हणजे नानकांची रोज म्हणायची प्रार्थना. मधेच थांबून "मीठ कमी आहे" म्हणाला आणि सोडलेल्या ओळीपासून पुढं सुरू झाला.

मी वहीत लिहिलं : यांत्रिक पठण?

दुसरा दिवस

दिवसभर गाडी. रात्री अमृतसर. रिक्षावाल्यानं सरदारची पंजाबी ऐकली आणि विचारलं, "पाजी, बाहरों आए हो?" दाढी, पगडी, कृपाण सगळं असून हा प्रश्न! सरदार सराईच्या दारापर्यंत गप्प होता.

तिसरा दिवस, अमृतसर

पहाटे तीनला त्यानं मला उठवलं. फेब्रुवारीतली थंडी, अनवाणी पाय आणि परिक्रमेचा ओला संगमरवर. सरोवराच्या पाण्यावर वाफ तरंगत होती, तिच्यापलीकडे हरिमंदिर, म्हणजे सुवर्णमंदिर. वर्णन करत नाही, फोटो सगळ्यांनी पाहिलेत. फोटोत येत नाही तो आवाज. पहाटे आत 'आसा दी वार' या नानकांच्या रचनेचं कीर्तन चालू असतं आणि ते सगळ्या आवारात ऐकू येतं. तबला, बाजा, आणि घाई नसलेला गळा.

मला त्यातली एक जागा यायची वाट होती. गुरू नानकांचा तो श्लोक मला पाठ आहे : 'पड़ि पड़ि गडी लदीअहि, पड़ि पड़ि भरीअहि साथ.' वाचून वाचून गाड्या भरा, तांडेच्या तांडे लादा, होड्या भरा, खड्डे भरा. वर्षं वाचा, महिने वाचा, श्वास आहे तोवर वाचा. शेवटी हिशेबात धरली जाणार ती एकच गोष्ट, बाकी सगळी अहंकाराची बडबड. श्लोक आला. मी कोपरानं सरदारला डिवचलं, "हाच तो, अंग ४६७." (ग्रंथाच्या पानाला पान म्हणत नाहीत, अंग म्हणतात.) त्यानं डोळे उघडले नाहीत. नंतर पुलावरच्या रांगेत मला म्हणाला, "मास्तर, तू आकडा सांगितलास ना, तेव्हा पुढच्या दोन ओळी गेल्या माझ्या."

याच वारेत आणखी एक श्लोक आहे, 'मिटी मुसलमान की' असा सुरू होणारा. त्याच्याशी जोडलेली गोष्ट मला कायम अस्वस्थ करते. सातवे गुरू हरराय यांचा थोरला मुलगा रामराय. हुशार, पाठांतर पक्कं, बोलण्यात तरबेज. औरंगजेबानं बोलावलं तेव्हा वडिलांनी त्याला दिल्लीला पाठवलं. बादशहानं विचारलं, तुमच्या ग्रंथात मुसलमानाच्या मातीबद्दल हे काय लिहिलंय? खरं तर त्या श्लोकात अपमान काहीच नाही. पुरलेल्या माणसाची मातीही शेवटी कुंभाराच्या हाती जाते आणि भट्टीत जळते, तेव्हा पुरणं की जाळणं यावर भांडू नका, एवढाच भाव. पण रामराय दरबार बघून बोलला. शब्द 'बेईमान' असा आहे, लिहिणाऱ्याची चूक झाली, म्हणाला. बादशहा खूश. वडिलांनी मात्र त्या मुलाचं तोंड पुन्हा पाहिलं नाही. सगळा ग्रंथ पाठ असलेल्या मुलाची गादी एका शब्दापायी गेली. ती मिळाली धाकट्याला, पाच वर्षांच्या हरकृष्णला. त्याच्याकडं परतताना येईन.

दिवस उजाडल्यावर परिक्रमेतून फिरताना काचेआडच्या खोल्या दिसल्या. आत अखंड पाठ चालू होते. ग्रंथाची सगळी १४३० अंगं ४८ तासांत, न थांबता. मी मास्तर, लगेच भागाकार केला : एका अंगाला दोन मिनिटं. पाठी दर दोनेक तासांनी बदलतात, त्या पाळीला रौल म्हणतात. पाठ बसवणारं कुटुंब लांबच्या गावी असतं, कित्येकदा परदेशात. भेट भरायची, तारीख मिळवायची, आणि पाठ होऊन जातो. एका खोलीत पाठी एकटा वाचत होता. मागं चौर ढाळणारा एक जण, समोर रिकामी सतरंजी.

सरदारला मी म्हणालो, "हे तर तुमच्याच रहित मर्यादेच्या, आचारसंहितेच्या, विरुद्ध आहे. ऐकणाऱ्याला कळणार नाही इतक्या वेगानं वाचणं हा बाणीचा अनादर, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. आणि इथं तर ऐकणाराच नाही." तो म्हणाला, "मग बस ना आत. तू ऐक."

बसलो. वीस मिनिटं. शब्द वेगानं जात होते, तरी सुटा शब्द कळत होता, हे कबूल करायला हवं. पाळी संपल्यावर तो पाठी बाहेर आला, पन्नाशीचा, घसा शेकायला चहा शोधत होता. आम्हीही चहाच्याच मागावर होतो. सरदारनं ओळख करून दिली : हजूर साहिबहून, म्हणजे नांदेडहून आलोय, हे मास्तर आहेत, यांना एक विचारायचंय. मला असं काही विचारायचं नव्हतं, पण आता सुटका नव्हती. मी विचारलं, इतक्या वर्षांच्या वाचनात मन त्यात असतं का हो?

माणूस रागावला नाही. म्हणाला, दहा रौलांत एखाद्या वेळी असतं. बाकी नऊ वेळा जीभ वाचते आणि मी घरी असतो, गव्हात असतो, पोरीच्या व्हिसात असतो. पण त्या नऊ वेळा बसलो नाही तर ती दहावी कुठून येणार जी?

मग त्यानं गोपालाची गोष्ट सांगितली. सहाव्या गुरूंनी, हरगोविंदांनी, एकदा दरबारात विचारलं, मन एकाग्र ठेवून शुद्ध जपजी म्हणेल असा कुणी आहे? भाई गोपाला पुढं आला. म्हणू लागला तसे गुरू आसनावर सरकू लागले. याला काय द्यावं? गादीच द्यावी, असं त्यांच्या मनात आलं. जपजी संपत आलं, आणि गोपालाच्या मनात आलं, गुरूंकडं तो देखणा घोडा आलाय, तो मिळाला तर काय बहार होईल. गुरू परत मागं टेकले. जपजी संपलं. गोपालाला घोडा मिळाला.

"आम्ही पाठी लोक," चहाचा कप ठेवत तो म्हणाला, "घोड्याचे मालक आहोत."

वहीत पहिल्या दिवशीच्या 'यांत्रिक पठण?' पुढं मी काहीतरी लिहिणार होतो. लिहिलं नाही.

संध्याकाळी लंगरमध्ये भांडी घासायच्या हौदापाशी उभा राहिलो. तिथं ताटांचा जो खणखणाट असतो, त्यात पद आठवणंही शक्य नाही आणि आकडा सांगणंही. पाठ आखडली. सरदार जोडेघरात लोकांच्या चपला पुसत होता, अर्थात मधे दोनदा डुलकी काढून.

चौथा दिवस, खडूर साहिब आणि गोइंदवाल

गाडी ठरवली. भाड्यावरून सरदार आणि ड्रायव्हर यांच्यात पाऊण तास घासाघीस झाली. भक्ताला व्यवहार कळत नाही असं जे म्हणतात, त्यांनी सरदारला बघावं.

दोन्हीकडं मोहरी फुललेली. खडूर हे दुसऱ्या गुरूंचं, अंगददेवांचं गाव. तिथली खड्डी, म्हणजे विणकराच्या मागाचा खळगा, मला बघायचा होता. अमरदास साठी ओलांडल्यावर अंगददेवांचे शिष्य झाले. बारा वर्षं रोज पहाटे बियास नदीवरून गुरूंच्या स्नानाचं पाणी खांद्यावरून आणायचे, आठ-नऊ किलोमीटर. एका वादळी रात्री अंधारात त्यांचा पाय या खळग्यात गेला. ते पडले, घागर मात्र पडू दिली नाही. आवाजानं जागी झालेली विणकराची बायको म्हणाली, असेल तो अमरू निथावा, ज्याला ठावठिकाणा नाही तो. हे गुरूंच्या कानावर गेलं. १५५२ मध्ये गादी कुणाला द्यायची हे ठरलं तेव्हा त्यांच्या पोटच्या मुलांपैकी कुणाला ती मिळाली नाही. ती या सत्तरी ओलांडलेल्या पाणक्याला मिळाली.

एवढं ऐकून माणूस म्हणेल, बघा, शिकलेल्यापेक्षा राबणारा मोठा. मीही व्याख्यानात हेच म्हणायचो. पण खडूरलाच दुसरी एक जागा आहे, मल्ल अखाडा. तिथं अंगददेव पोरांना कुस्ती शिकवायचे आणि अक्षरं गिरवायला लावायचे. गुरुमुखी लिपीला नीट वळण दिलं ते त्यांनीच. म्हणजे ज्या गावात घागर मोठी ठरली, त्याच गावात पाटी-पेन्सिलही चालू होती. पंडिताच्या मक्तेदारीवर या लोकांनी उत्तर काढलं ते अक्षर टाकून देण्याचं नाही, तर अक्षर सोपं करून पोरासोरांच्या हाती देण्याचं. नानकांचंच वचन आहे, 'विदिआ वीचारी तां परउपकारी.' विद्येवर विचार केला तर ती परोपकारी होते. आणि दुसऱ्या ठिकाणी तेच म्हणतात, 'पड़िआ मूरखु आखीऐ जिसु लबु लोभु अहंकारा.' लालूच, लोभ आणि अहंकार असलेला शिकलेला माणूस, त्याला मूर्ख म्हणावं. वाचण्यावर राग नाहीच. राग आहे तो वाचून फुगण्यावर.

सरदारला हे सांगितलं तर म्हणाला, "ज्ञानेश्वरी मराठीत का लिहिली, हे आठवीत तूच सांगायचास की." खरं होतं. माझ्या वर्गात त्याचा मुलगा होता.

दुपारी गोइंदवालची बावली. ८४ पायऱ्या. प्रत्येक पायरीवर एक जपजी, दर वेळी पाण्यात बुडी, अशी ८४ वेळा केली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, असा समज आहे. एका जपजीला वीस मिनिटं धरली तर २८ तास. (पुन्हा भागाकार-गुणाकार. खोड जात नाही.) काही जण खरंच ते करत होते, ओल्या अंगानं कुडकुडत, पुटपुटत. एक तरुण पायऱ्यांचा हिशेब चुकला म्हणून भावाशी भांडत होता. मला वाईट वाटलं ते असं, की अमरदासांनी ही विहीर बांधली ती सगळ्या जातींनी एका ठिकाणी पाणी भरावं म्हणून. पंगतीत बसल्याशिवाय भेट नाही, हा नियम त्यांनी इथंच कडक पाळला. अकबरही आधी जेवला आणि मग भेटला, असं सांगतात. आता त्या पाण्यापाशी मोक्षाचा पाढा चाललाय. पण मी बोललो नाही. अमृतसरच्या काचेसमोर एकदा बोलून झालं होतं.

सरदारनं एकदाच जपजी म्हटलं, एकदा बुडी मारली आणि म्हणाला, "गुडघे ८४ चे झालेत, तेवढं बास."

पाचवा दिवस, सुलतानपूर लोधी

रात्री इथंच सराईत राहिलो होतो. सकाळी काळी बेईंच्या काठावर गेलो. नदी म्हणजे ओढ्याहून थोडी मोठी. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी तिचं गटार झालं होतं. मग २००० पासून बलबीरसिंग सीचेवाल यांनी लोकांना घेऊन गाळ, जलपर्णी हातांनी उपसली. त्यांना प्रवचन द्यायला बोलावलं तर ते फावडं घेऊन येतात, असं आमचा ड्रायव्हर कौतुकानं सांगत होता.

नानक इथं बहीण नानकीकडं राहायचे आणि नवाब दौलतखान लोधीच्या मोदीखान्यात धान्य मोजून द्यायचे. मोजता मोजता तेराला आले की 'तेरा, तेरा' म्हणत राहायचे, सगळं तुझंच. पंजाबीत 'तेरा' म्हणजे तुझं, त्यावरची ही कोटी. हट्ट साहिब या गुरुद्वाऱ्यात त्या दुकानातली म्हणून दगडी वजनं ठेवली आहेत. सरदार त्यांच्याकडं कारागिराच्या नजरेनं बराच वेळ बघत होता. "वजन बरोबर असलं पाहिजे मास्तर. देवाचं नाव घेऊन माप मारणारे लई बघितलेत."

मग या नदीत नानक बुडी मारून गेले ते तीन दिवसांनी वर आले, आणि म्हणाले, ना कुणी हिंदू, ना मुसलमान. नवाबाचा काझी चिडला. एवढं आहे तर आमच्याबरोबर नमाजाला चल. नानक गेले. सगळे वाकले, नानक उभेच. शिवाय हसले. नमाज झाल्यावर काझीनं जाब विचारला. नानक म्हणाले, तू नमाज पढत होतास, पण तुझं मन घरी होतं. घोडी नुकतीच व्यायलीय, अंगणात विहीर आहे, शिंगरू त्यात पडायचं तर नाही ना, हाच घोर. बरं मग, नवाब म्हणाला, माझ्याबरोबर पढायचं होतं. तुम्ही काबूलला घोडे खरेदी करत होता, नानक म्हणाले. जनमसाखीतली, म्हणजे नानकांच्या चरित्रकथांतली गोष्ट. जागाही दाखवतात, तिथं अंतर्यामता साहिब हा गुरुद्वारा आहे.

सरदार म्हणाला, "पंजाबात घोडे लई झाले मास्तर. गोपालाचा एक, काझीची एक, नवाबाचे कितीतरी."

मी हसलो. संध्याकाळी बेर साहिब गुरुद्वाऱ्यात रहिरासला, म्हणजे संध्याकाळच्या पाठाला बसलो होतो. बोरीचं ते जुनं झाड, समोर नदीवर उतरलेलं ऊन, आणि शेदीडशे माणसांचा एका लयीत चाललेला पाठ. अर्दाससाठी, म्हणजे शेवटच्या प्रार्थनेसाठी सगळे उभे राहिले, मीही राहिलो. हात जोडलेले. आणि माझ्या ध्यानात आलं की मी एक वाक्य जुळवतोय. 'काझीचं शिंगरू विहिरीत पडलं नाही, पण काझी पडला.' टाळ्या कुठं येतील तेही ऐकू येत होतं. येत्या आषाढीच्या आधी वसमतला व्याख्यान ठरलंय, त्याचा शेवट मिळाला म्हणून मी खूश होतो. दोन्ही हात जोडून, डोळे मिटून, रांगेत उभा राहून.

अर्दास संपली तेव्हा मला कळलंच नाही. सगळे खाली माथा टेकवत होते, मी उभा. नानक उभे राहिले ते वेगळ्या कारणानं.

सरदारला हे रात्री सांगितलं. मला वाटलं तो चिडवेल. तो म्हणाला, "माझ्या डोक्यात उद्याचं डिझेल होतं."

सहावा दिवस, अचल आणि घुमान

बटाल्याजवळ अचलला थोडं थांबलो. शिवरात्रीच्या जत्रेत इथं योग्यांनी नानकांना घेरलं होतं. भंगरनाथानं विचारलं, दुधात कांजी का घातलीस? म्हणजे, उदासी वेष उतरवून पुन्हा संसारात का शिरलास? नानकांचं उत्तर शीख कवी भाई गुरदासांनी लिहून ठेवलंय : घर सोडायचं आणि पुन्हा त्याच घराच्या दारात भीक मागायला जायचं, हे काय? यावर अधिक लिहायला हरकत नव्हती, पण मला घुमानची घाई झाली होती.

घुमान, नामदेव पंजाबात राहिले ते गाव. आमच्या पिढीतल्या मराठी माणसांना हे नाव कळलं ते एप्रिल २०१५ च्या साहित्य संमेलनामुळं, सदानंद मोरे अध्यक्ष होते ते. मी तेव्हा आलो नाही, निमंत्रण नव्हतं म्हणून रुसलो होतो. आता लिहायला हरकत नाही.

गाव साधं. उसाच्या ट्रॉल्या, विटांची घरं, आणि आभाळात पतंग. इतके पतंग बघून मी थांबलो. नामदेवांचं एक पद ग्रंथात आहे, 'आनीले कागदु काटीले गूडी.' कागद आणला, पतंग कापला, आभाळात सोडला. पोरगा पाच जणांशी गप्पा मारतो, चित्त मात्र दोरीपाशी. तसंच डोक्यावर घागरी घेऊन हसत-खिदळत येणाऱ्या बायका, आणि पाळण्यात बाळ ठेवून कामात असलेली आई. हे पद मी शेकडो वेळा समजावून सांगितलंय. एका गच्चीवर दहा-बारा वर्षांचं पोरगं पतंग उडवत खाली उभ्या असलेल्या मित्राशी जोरजोरात भांडत होतं. दोरीकडं त्यानं एकदाही बघितलं नाही. बोटाला कळत होतं.

नामदेव दरबारात माथा टेकला. महाराष्ट्रातून आलोय म्हटल्यावर सेवादार धावले, दोन म्हाताऱ्या आल्या, ग्रंथी, म्हणजे ग्रंथ वाचणारे, आले. बाबा नामदेवांच्या मुलखातले तुम्ही, काहीतरी सांगा. आणि मी सांगायला लागलो. नरसीचा जन्म, ६१ पदं, १८ राग. पंढरपूरचे नामदेव आणि ग्रंथसाहिबातले नामदेव एकच की दोन यावरचा वाद, त्यातले दोन्ही बाजूंचे मुद्दे, भाषेचे पुरावे. हिंदीत, बऱ्यापैकी ओघवतं. सात-आठ मिनिटं झाली असतील. एक म्हातारी माझ्याकडं फार प्रेमानं बघत होती, आणि मी श्वास घ्यायला थांबलो तशी म्हणाली, "पुत्तर, चा पी लै."

सरदार इतका हसला की त्याला बाहेर जावं लागलं.

चहा झाल्यावर ग्रंथी म्हणाले, तुमच्याकडं बाबाजींचं कसं गातात ते ऐकवा. माझा गळा मला ठाऊक आहे, मी गप्प. तर सरदारच मांडी घालून बसला. आमच्या वाड्यात एकादशीचं भजन व्हायचं, तेव्हा हा लहानपणी उंबऱ्यावर बसायचा, प्रसादातल्या शेंगदाण्यांसाठी. त्यानं सुरू केलं, 'काळ देहासी आला खाऊ, आम्ही आनंदे नाचू गाऊ.' सूर बेताचा. ताल मात्र पक्का, इंजिनाचा ठोका ऐकून नासका वॉल्व्ह ओळखणाऱ्या माणसाचा. ध्रुपद दोनदा म्हटलं आणि अडकला. पुढची ओळ आठवेना. माझ्याकडं बघितलं.

"कोणे वेळे काय गाणे," मी म्हणालो.

"हे तो भगवंता मी नेणे," त्यानं उचललं, आणि शेवटपर्यंत नेलं. 'टाळ मृदंग दक्षिणेकडे, माझे गाणे पश्चिमेकडे' याच्यावर ग्रंथींनी दिशा विचारल्या, मी अर्थ सांगितला, एका वाक्यात. म्हाताऱ्यांना मराठी कळत नव्हतं, तरी 'नामा म्हणे' आलं तशा दोघींनी हात जोडले.

जाताना ग्रंथींनी एक श्लोक म्हणून दाखवला. कबीरांच्या श्लोकांमध्ये नामदेव आणि संत त्रिलोचन यांचा संवाद आहे. त्रिलोचन विचारतो, मित्रा, कापडं छापत काय बसलास, रामात चित्त का लावत नाहीस? नामदेव म्हणतात, 'हाथ पाउ करि कामु सभु, चीतु निरंजन नालि.' हातापायांनी सगळं काम कर, चित्त त्याच्यापाशी ठेव. मला हा श्लोक अंगासकट पाठ होता. सांगितलं नाही. सरदारनं तो पहिल्यांदाच ऐकला असावा. दोनदा म्हणून घेतला, मग मोबाईलमध्ये रेकॉर्ड केला. गाडीत बसल्यावर विचारलं, "छापत म्हणजे शिंपी नव्हते का रे ते?" मी म्हणालो, आपल्याकडं शिंपी, इकडं छिंबा, कापड छापणारे. तो म्हणाला, "म्हणजे वर्कशॉपातलाच माणूस."

सातवा दिवस, परतीची गाडी

सचखंड अमृतसरहून पहाटे अंधारातच निघते. अंबाला आलं तेव्हा मी सरदारला पंजोखऱ्याबद्दल सांगितलं, इथून जवळच आहे. आठवे गुरू हरकृष्ण, तो रामरायचा धाकटा भाऊ, १६६४ मध्ये दिल्लीला जाताना तिथं थांबले होते. वय सात. पंडित लालचंदानं हिणवलं, नाव कृष्णाचं लावतोस, तर गीतेचा अर्थ सांग. मुलानं म्हटलं, मी सांगितला तर म्हणशील पाठ केलाय, तू गावातला कुणीही घेऊन ये. पंडितानं मुद्दाम छज्जू झीवराला आणलं. पाणी भरणारा, मुका, अक्षरशत्रू. हरकृष्णांनी त्याच्या डोक्यावर छडी टेकवली आणि छज्जू गीतेचा अर्थ सांगू लागला. पंडितानं पाय धरले.

सरदारला ही गोष्ट माझ्यापेक्षा चांगली माहीत होती, तरी शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग म्हणाला, "ही तर तुमच्या पैठणची गोष्ट झाली. रेड्याची."

"तीच," मी म्हणालो. "तिथंही पंडितच होते, आणि ज्ञानेश्वरही पोरसवदाच होते."

तो विचारात पडला. डब्यात शेजारी एक कुटुंब लंगरसाठी भांडी काढून तयार होतं, अजून तासभर अवकाश होता तरी. मीही या वेळी थाळी आणली होती, अमृतसरला विकत घेतलेली.

"पण मास्तर," सरदार म्हणाला, "आमच्या छज्जूचं नाव तरी आहे. त्या रेड्याचं नाव काय होतं?"

मी तोंड उघडलं. आळ्याला त्याची समाधी आहे, हे मला माहीत. वेद कुणासमोर म्हणवले, कोणत्या ग्रंथात ही कथा कशी येते, तेही. नाव नाही आठवलं. आठवायला मुळात वाचलेलंच नव्हतं.

"बघून सांगतो," मी म्हणालो.

"सांग," तो म्हणाला, आणि पगडी सैल करून बर्थवर आडवा झाला. ओठ हलत होते, मधेच थांबले. झोप लागली असावी, नाहीतर ओळ विसरला असावा.